परड्यातल्या कोंबड्या आणि घरची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून चालत पंधरा मिनिटांवर. घरामागे पाच गुंठ्यांचं परडं आहे. त्यात माड, एक फणस, केळीची रांग, अळवाचा ओलसर कोपरा, भाजीचे चार वाफे, अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की गडग्यापाशी उभं राहून तेच तेच प्रश्न विचारतात, आणि पाऊस सुरू झाला की त्यांचेच फोन येतात. ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

कोंबड्या आणि भाजी एका परड्यात नांदतात का?

नांदतात, पण वेळापत्रक लागतं. कोंबडी वाफा उकरते त्यात तिचा दोष नाही. दाणा समोर भरपूर असला तरी ती उकरणारच, कारण जमीन उकरून खाणं शोधायचं हे तिच्या अंगातच आहे. नीट बघा: एका पायाने दोनदा फर्रकन माती मागे फेकते, पाय बदलते, मग एक पाऊल मागे सरून उकरलेल्या जागी मान वाकवून बघते. एवढ्यात तुमची वीतभर उंचीची वांग्याची चार रोपं आडवी झालेली असतात. रोप तिला खायचं नव्हतं, त्याच्या मुळाशी असलेली ओल आणि किडे तिला हवे होते.

म्हणून आमच्याकडे बी पेरल्यापासून रोप गुडघ्याएवढं होईपर्यंत वाफा बंद. चारही बाजूंनी बांबूच्या कामट्या आणि मासेमारीचं जुनं जाळं. किनाऱ्यावर फाटकी जाळी सहज मिळतात. फक्त जाळं ताणून बांधा आणि खालची कड मातीत पुरा, नाहीतर कोंबडीचे पाय किंवा सापही त्यात अडकतात. भेंडी, मिरची, वांगी गुडघ्याएवढी झाली की जाळं काढायचं आणि बुंध्याभोवती जांभ्या दगडाचे चार तुकडे ठेवायचे. दगड असला की तिथे उकरता येत नाही.

भाजी संपली की मात्र त्या वाफ्यात कोंबड्यांना आठ दिवस मोकळं सोडते. तण, तणाचं बी, अळ्या, कोष, सगळं त्या वेचतात आणि माती चाळून ठेवतात. तेवढं काम मला कुदळीने दोन दिवसांत झालं नसतं.

रोजचं म्हणाल तर दुपारी चारनंतर सोडा. अंधार पडायला दोन-तीन तास उरलेले असतात, त्यामुळे नुकसान मर्यादित राहतं, आणि सूर्य कलला की त्या आपण होऊन खुराड्याकडे वळतात. कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं, म्हणून मागे धावावं लागत नाही.

लाल माठ फस्त करतात, पण अळवाला तोंड लावत नाहीत. असं का?

अळवाच्या पानात आणि देठात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आपल्या घशाला खाजतं ते त्यांच्यामुळेच, आणि म्हणूनच आपण चिंच किंवा कोकम घालून नीट शिजवतो. कोंबड्या एकदा टोचून बघतात आणि सोडून देतात. त्यामुळे कोंबड्या असलेल्या घराला अळू, हळद, आलं, गवती चहा, केळ ही झाडं सोयीची. माठ, पालक, मुळ्याचा पाला, कोथिंबीर ही कायम जाळ्यातच ठेवावी लागते.

मिरचीचं सगळ्यांना नवल वाटतं. पिकलेली लाल मिरची कोंबडी बियांसकट गिळते आणि तिला काही होत नाही. मिरचीतला जो घटक आपल्या जिभेला जाळतो, तो पक्ष्यांना जाणवतच नाही. तेव्हा मिरचीचं पाणी फवारून कोंबड्या दूर राहतील या भरवशावर राहू नका.

कण्हेर विषारी आहे. कुंपणाला असेल तर छाटलेल्या फांद्या कोंबड्यांच्या जागेत टाकू नका.

नवीन केलेल्या वाफ्यात लोळून खड्डा करतात. वेड लागलंय का?

ती आंघोळ आहे. कोरडी भुसभुशीत माती पंखांनी अंगावर उडवायची, पिसांच्या मुळाशी जाईपर्यंत घोळवायची, थोडा वेळ डोळे मिटून पडून राहायचं आणि मग उठून एकदम सगळं झटकायचं. यामुळे उवा आणि गोचिडीसारख्या बारीक किडी कमी होतात आणि पिसांवर साचलेलं जादा तेल निघतं. रोज नाही, पण एक-दोन दिवसांआड त्यांना हे लागतंच. जागा नसेल तर अस्वस्थ होतात.

तुमचा वाफा वाचवायचा असेल तर त्याहून चांगली जागा द्या. पडवीच्या कडेला, वळचणीचं पाणी पडणार नाही अशी जागा बघा. घमेलं-दोन घमेली कोरडी माती, थोडी वाळू आणि चुलीची चाळलेली राख एकत्र करा. राख लाकडाची हवी. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची नको. पावसाळ्यात तर ही जागा झाकलेली हवीच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बाहेर कोरडी माती चमचाभरही मिळत नाही, आणि याच चार महिन्यांत उवांची तक्रार सर्वांत जास्त येते.

कोंबडी खुडूक झाली म्हणजे नक्की काय? उठवावी की बसवावी?

माझ्या आवडीचा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि एक दिवस टोपलीतून उठतच नाही. हात लावला तर पिसं फुलवते, घशातून घर्र असा आवाज काढते, टोचते. पोटाखालची पिसं ती स्वतः उपटते, म्हणजे उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, पंधरा-वीस मिनिटं उठते. धावत जाऊन खाते, पाणी पिते, एकदाच भली मोठी शी करते आणि पुन्हा बसते. आजारी वाटली तरी ती आजारी नाही. शरीरातली संप्रेरकं बदलल्यामुळे अंडी थांबतात आणि उबवण्याची ओढ लागते. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या संकरित जातींमधून हा गुण निवडीने जवळजवळ काढून टाकला आहे. आपल्या गावठी कोंबडीत तो शाबूत आहे. ती वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते, पण तिला उबवणी यंत्र लागत नाही.

मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा खुडूक कोंबडीला दिवसातून तीनदा उठवून दाण्याकडे नेत होते. सासूबाईंनी हात धरला. "गो, ती खुडूक झाली हा. तिका उठवू नको. तिका कळता कधी खावचा ता." तेव्हापासून मी फक्त दाण्या-पाण्याची वाटी टोपलीपासून चार पावलांवर ठेवते. अगदी चोचीखाली ठेवू नका. तिने उठून पाय मोकळे करायला हवेत.

बसवायची असेल तर दहा-बारा अंडी पुरे. ती ताजी, आठवड्याच्या आतली, आणि कळपात कोंबडा असताना घातलेली हवीत. सगळी एकाच संध्याकाळी ठेवा आणि प्रत्येकावर पेन्सिलने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या येऊन त्यात भर घालतात. मग पिल्लं निरनिराळ्या दिवशी निघतात आणि आई पहिली पिल्लं घेऊन बाकीची अंडी सोडून जाते. सातव्या रात्री टॉर्चवर धरलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. नुसतं पिवळट दिसलं तर ते अंडं काढून टाका. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात.

विसाव्या दिवशी संध्याकाळी टोपलीजवळ चुपचाप बसा. कोंबडी एरवी कधीच काढत नाही असा हलका, खालच्या पट्टीतला कुक-कुक आवाज काढते, आणि अंड्याच्या आतून चिवचिव उत्तर येतं. कवच फुटायच्या आधी आई आणि पिल्लं एकमेकांचा आवाज ओळखायला लागलेली असतात. मी दरवर्षी बसते.

कधी बसवावी? दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मेच्या शेवटी बसवलेल्या कोंबडीची पिल्लं थेट मृगाच्या पावसात निघतात, आणि ओल्या मातीत कोवळी पिल्लं टिकत नाहीत.

बसवायची नसेल तर अंडी काढून घ्या आणि तिला तळाला जाळी असलेल्या, हवेशीर, उजेडाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी द्या. पोटाला खालून हवा लागली की खुडूकपणा उतरतो. गार पाण्यात बुडवणं किंवा नाकपुडीत पीस घालणं हे जुने उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका. मुक्या जीवाला छळण्याचं काही कारण नाही.

अंडं घातल्यावर एवढा गलका का करते?

कळपापासून दूर, आडोशाला तिने अर्धा-पाऊण तास घालवलेला असतो. ती ओरडते, कोंबडा उत्तर देतो, कधी धावत जाऊन तिला परत घेऊन येतो. तुम्हाला याचा एक फायदा आहे: जी कोंबडी चोरून अंडी घालते तिचा पत्ता याच आवाजाने लागतो. आमच्या भुरीची अठरा अंडी माडाच्या झावळ्यांच्या ढिगात अशीच सापडली. खुराड्यात तिने घालावं असं वाटत असेल तर टोपलीत प्लास्टिकचं किंवा लाकडी खोटं अंडं ठेवा.

कोंबडा पहाटे तीनला आरवतो. शेजारी बोलतात. काय करू?

अंधार करून फारसा उपयोग होत नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि त्याचं आरवणंही राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले तरी उजाडायच्या वेळेआधी आरवतात. घड्याळ त्यांच्या शरीरातच असतं. पुढे त्यांनी असंही दाखवलं की कळपात ज्याचा मान मोठा तो आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून. तेव्हा दोन कोंबडे असतील तर एक कमी करा, खुराडं शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब हलवा. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पिल्लांसाठी लागतो.

कोंबडीच आरवायला लागली. घरचे म्हणतात अपशकुन, कापून टाका.

कापू नका. कोंबडीच्या शरीरात एकच अंडाशय कामाचं असतं, डावीकडचं. वयामुळे किंवा आजाराने ते बंद पडलं की नराची संप्रेरकं वरचढ होतात. तुरा वाढतो, पिसं बदलतात, ती आरवू लागते. कळपात कोंबडा नसेल तर एखादी वरच्या मानाची कोंबडीही आरवून बघते. एवढंच घडलेलं असतं. आमच्याकडची एक तशी चार वर्षं जगली आणि त्या चार वर्षांत घरात दोन लग्नं झाली.

नवीन आणलेल्या कोंबडीला जुन्या टोचून रक्तबंबाळ करतात.

कळपात पायऱ्या असतात. पहिली सगळ्यांना टोचू शकते, शेवटची कुणालाच नाही. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे या संशोधकाने 1920 च्या दशकात ही उतरंड पहिल्यांदा नीट नोंदवली, आणि त्याला ती लहानपणापासून घरच्या कोंबड्या बघून सुचली होती. नवी आली की सगळ्या पायऱ्या पुन्हा ठरतात. तिला आठवडाभर जाळीपलीकडे ठेवा, एकमेकींना दिसू द्या. मग रात्री, सगळ्या दांडीवर झोपल्यावर, मध्ये नेऊन ठेवा. एकटी आणू नका, दोघी-तिघी आणा. आणि दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा. रक्त आलेली कोंबडी लगेच वेगळी करून जखमेवर हळद लावा. लाल रंग दिसला की बाकीच्या टोचतच राहतात.

भर उन्हात पंख पसरून मेल्यासारखी पडते. उष्माघात?

एक पंख आणि एक पाय ताणून, डोळे मिटून, शांत पडली असेल तर ती ऊन खाते आहे. चोच उघडी, दोन्ही पंख अंगापासून दूर, धापा टाकते आहे, तर ती तापली आहे. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग निववते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की धापांचाही पुरेसा उपयोग होत नाही. केळीच्या सावलीत ओली जागा करा, मातीच्या परळात गार पाणी दिवसातून तीनदा बदला. पत्र्याच्या खुराड्यावर झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, टाका. पत्र्याखाली दुपारी कोंबडी कोंडणं म्हणजे तिला मारणंच.

पावसाळ्यात अंडी का बंद होतात?

उजेड. भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. कोकणात सर्वांत मोठा दिवसही जेमतेम तेरा तासांचा, आणि पावसात तोही काळवंडलेला. शिवाय चरायला मिळत नाही आणि अंग ओलं राहतं. पुढे पिसं झडायला लागली की सगळी ताकद नव्या पिसांत जाते. बल्ब लावून अंडी ओढता येतात, पण मी लावत नाही. त्यांनाही विश्रांती हवी. खाली भाताचं तूस चार बोटं पसरा, ओलं झालं की त्याच दिवशी बदला. ओल्या तुसाचा डोळ्यांना झोंबणारा वास आला म्हणजे उशीर झालाय.

अंड्याचं कवच पातळ येतं.

चुना कमी पडतोय. आपल्या किनाऱ्यावर औषध पायाखाली आहे: शिंपल्या. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, उन्हात वाळवा, खलबत्त्यात तांदळाच्या कणीएवढ्या कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका. ज्या अंडी घालतात त्या हव्या तेवढ्या उचलतात. धुणं टाळू नका, मीठ कोंबडीला बाधतं. खारवलेली सुकट तर अजिबात घालू नका. बिनमिठाची असेल तर मूठभर चालते. मासळीची आतडी, डोकी रोज घातली तर अंड्याला मासळीचा वास येतो.

बलकाचा रंग पाल्यावर ठरतो. शेवग्याचा पाला, माठ, झेंडूच्या पाकळ्या द्या, पंधरा दिवसांत फरक दिसेल.

कोंबडीची शी थेट झाडांना घालू का?

नको. ती शेणापेक्षा कितीतरी जास्त नत्र असलेली, उष्ण असते. रोपाच्या बुंध्याशी घातली की पानांच्या कडा करपतात. पहिल्या वर्षी माझी अबोलीची अख्खी रांग अशीच गेली. खुराड्यातलं तूस आणि शी एक भाग, पातेरा (वाळलेला पालापाचोळा) दोन-तीन भाग, मधून मधून शेणकाल्याचा सडा, असं थर देऊन तीन महिने झाकून कुजवा. काळं, भुसभुशीत झालं आणि वास मातीचा आला की घाला. पालेभाजीला कच्चं खत कधीच नको, त्यातून पोट बिघडवणारे जंतू पानांवर येतात.

आपली जांभी माती आंबट असते. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातला चुना धुवून नेतो. म्हणून अंड्यांची टरफलं टाकू नका. कुटून वाफ्यात मिसळा. फरक सावकाश दिसतो, पण दिसतो.

आता माडाचं. गेंड्या भुंगा माडाच्या शेंड्यातला कोंब पोखरतो आणि नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी कातरलेली बाहेर येते. या भुंग्याची वीण शेणाच्या गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, आणि कुजलेल्या माडाच्या ओंडक्यात होते. गायरी उलटायची असेल त्या दिवशी आधी कोंबड्या सोडा. बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या वर आल्या की त्या तुटून पडतात. एक अळी घेऊन एक कोंबडी पळते आणि बाकीच्या दहा तिच्यामागे. माडावर चढून औषध घालण्यापेक्षा हा उपाय मला पटतो.

मुंगूस, घार, रानमांजर यांपासून कसं वाचवावं?

घारीला कोंबडाच पहिला ओळखतो. आकाशातला धोका आणि जमिनीवरचा धोका यांसाठी त्याचे आवाज वेगळे असतात. वरून घार आली की बारीक, लांब सूर काढतो आणि पिल्लं झुडपाखाली गोठतात. कुत्रा किंवा मुंगूस दिसला की तुटक कट्-कट् आणि सगळ्या माना वर. हे दोन आवाज ओळखायला शिका, तुम्ही घरातूनच हातात काठी घ्यावी की वर बघावं हे ठरवाल. पिल्लं पहिले तीन आठवडे डालग्याखाली, म्हणजे उपड्या घातलेल्या टोपलीखाली. रात्री खुराड्याला कडी लावा, नुसता दगड टेकवू नका, आणि जाळीची भोकं बोटभरापेक्षा मोठी नकोत. मुंगूस जमीन उकरून येतो, म्हणून खाली चिरे बसवा.

मानमोडी आली तर?

आल्यावर औषध नाही. हिरवट शी, मान वाकडी होणं, एकामागून एक मरणं. हा विषाणूजन्य राणीखेत रोग आहे. लस हाच उपाय: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दीड-दोन महिन्यांच्या सुमाराला आर-टू-बी टोचणी. पुढच्या मात्रा पशुवैद्यकांना विचारून. मी एकदा एका विक्रेत्याकडून "लस दिलेली" म्हणून पिल्लं घेतली आणि त्यांच्यापाठोपाठ सगळा कळप गेला. तेव्हापासून बाहेरची कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवते. लशीची कुपी शेकडो पक्ष्यांची असते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आमच्या वाडीत सगळी घरं एकच दिवस ठरवतात, आणि एकजण कुपी घेऊन घरोघर फिरतो. मेलेली कोंबडी माळावर फेकू नका. चुना टाकून खोल पुरा.

आमच्या कोंबड्यांचे पाय पिवळे, शेजारणीच्या पांढरे. जात वेगळी?

कातडीचा पिवळेपणा एका जनुकामुळे येतो. घरची कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की पिवळ्या कातडीचं जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आलं. तोच राखाडी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत आहे. घाटात सकाळी ऐकू येतो तो त्याचाच तुटक आवाज. घरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते.

अंडी धुवून ठेवायची का?

नाही. अंड्यावर नैसर्गिक पातळ लेप असतो, तो जंतू आत जाऊ देत नाही. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने किंवा काथ्याने पुसा आणि टोकदार बाजू खाली करून ठेवा. धुवायचंच झालं तर फोडायच्या आधी.